पोर्ट नंबर ४४

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या. शनिवारची सकाळ आहे, रूममेट अजून झोपलाय, चहाचा दुसरा कप संपत आलाय आणि समोर एक रिपोर्ट उघडा आहे. दोन पानी. मीच लिहिलेला. त्याचं शेवटचं वाक्य मराठीत आणायचं तर असं होईल: "स्विचने अपेक्षेप्रमाणेच काम केले."

वाक्य शंभर टक्के खरं आहे. आणि ते लिहिल्याची मला दोन महिने लाज वाटतेय.

तर मी नेटवर्कवाला. हापिसात लोकांना मी आठवतो तो फक्त वायफाय गंडलं की. प्रत्येक मजल्यावर एका कोपऱ्यात एक कुलूपबंद खोली असते, आत एसीची घरघर, निळ्या-पिवळ्या केबल्सचा गुंता, आणि त्या गुंत्याच्या मुळाशी ४८ भोकांचा एक चपटा डबा. तो स्विच. तुमचा डेस्कफोन, छतावरचा वायफायचा पांढरा चकता, दाराजवळचा कार्ड रीडर, मीटिंग रूमबाहेरचा टचस्क्रीन, सगळं त्याच्यात येऊन मिळतं. आणि यातल्या बहुतेकांना वेगळी वायर, वेगळा चार्जर नसतो. ज्या केबलमधून डेटा जातो तिच्यातूनच वीज जाते. यालाच पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात, पीओई.

पीओई कसं चालतं हे मला अजूनही फार आवडतं, त्यामुळे दोन मिनिटं द्याच. केबल लावली की स्विच लगेच वीज सोडत नाही. आधी १० व्होल्टच्या आतबाहेर हळूच चाचपून बघतो. पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रोध दिसला तर समजतो की हे आपल्यातलं आहे, लॅपटॉप नाही. मग १५ ते २० व्होल्टच्या दरम्यान विचारतो, "बाबा रे, तुला लागणार किती?" उपकरण आपला वर्ग सांगतं. वर्ग २ असेल तर स्विच आपल्या खात्यातून ७ वॉट बाजूला काढतो, वर्ग ३ ला १५.४, वर्ग ४ ला ३०. तेव्हा कुठे ४८-५० व्होल्ट सुटतात. २००३ च्या मूळ स्टँडर्डमध्ये १५.४ ही कमाल होती, २००९ मध्ये ३० झाली आणि २०१८ मध्ये थेट ९०. एवढ्यावरही भागत नसेल तर एलएलडीपी नावाच्या प्रोटोकॉलवरून दोघं ०.१ वॉटच्या पायरीने घासाघीस करू शकतात. मंडईतल्या भाजीवाल्याशी माझी आई करते तशी.

इतका समजूतदार प्रकार आहे हा. एक उपकरण दुसऱ्याला विचारून, मापून, हिशोब ठेवून वीज देतं.

आता डेटाची बाजू बघा. तिथे तर स्विच म्हणजे सरकारी कचेरीतला कारकून. तुमचा लॅपटॉप लावला की ८०२.१एक्स सुरू होतं. आधी सर्टिफिकेट दाखव, ते मागे रेडियस सर्व्हरकडे जाणार, तो सांगणार हा अमुक टीममधला, याला तमुक व्हीलॅनमध्ये टाका, फायनान्सच्या सर्व्हरकडे फिरकू देऊ नका. तोपर्यंत त्या पोर्टवरून ओळख पटवण्याखेरीज एक शब्द पुढे जात नाही. डेस्कफोन आणि प्रिंटरकडे सर्टिफिकेट नसेल तर एमएसी पत्ता यादीत शोधायचा आणि असेल तर सोडायचं. (हा पत्ता कुणालाही पाच मिनिटांत नक्कल करता येतो, ती रडकथा पुन्हा कधीतरी.) फोन सापडला की त्याला आवाजाच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकायचं आणि त्याच्या पाकिटांवर ४६ नंबरचा शिक्का मारायचा. शिक्का म्हणजे लाल दिव्याची गाडी, बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं. कुणी बोलत असताना आवाज तुटता कामा नये, म्हणून.

आमच्याकडे या सगळ्याचं पॉलिसी डॉक्युमेंट ४० पानांचं आहे. दर तिमाहीला रिव्ह्यू, व्हर्जन नंबर, तीन मॅनेजरांच्या सह्या, वर्षाकाठी ऑडिटर येऊन प्रश्न विचारतो. कोण कुणाशी बोलू शकतं यावर ४० पानं. वीज कमी पडली तर कुणाचा फोन आधी बंद होईल, यावर किती ओळी असतील?

एकही नाही.

आता रिपोर्टाकडे येतो.

गेल्या जुलैतली गोष्ट. हिंजवडीतली एक इमारत, रात्रीचा धो धो पाऊस, विजा. दोन-चारदा लाइट गेली-आली. यूपीएसने आपलं काम केलं, जनरेटर लागला, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. फक्त तळमजल्यावरच्या स्विचच्या दोन पॉवर सप्लायपैकी एक १ वाजून ४७ मिनिटांनी मेला. दोन्ही मिळून पीओईसाठी ७४० वॉट देत होते. एक गेला, उरले ३७०.

मागणी किती होती? हा हिशोब मी इतक्या वेळा केलाय की तोंडपाठ आहे. मीटिंग रूमबाहेरचे स्क्रीन ६, प्रत्येकी १५.४, झाले ९२.४. वायफायचे चकते ८, प्रत्येकी ३०, झाले २४०. डेस्कफोन ३०, प्रत्येकी ७, झाले २१०. एकूण ५४२.४ वॉट. ७४० मध्ये आरामात बसतात, ३७० मध्ये बसत नाहीत. कुणालातरी उतरवायला हवं होतं.

स्विचने उतरवलं. कसं? प्रत्येक पोर्टला विजेची एक प्राधान्य पातळी देता येते: क्रिटिकल, हाय, लो. तुम्ही काहीच दिलं नाही तर सगळे लो. आणि सगळेच लो असतील तर आमच्या स्विचचा, आणि बाजारातल्या बऱ्याच स्विचचा, नियम असा की लहान नंबरचं पोर्ट आधी. एक नंबर वाचतो, अठ्ठेचाळीस मरतो. बस. एवढं साधं.

पोर्ट १ ते ६ वर काय होतं? मीटिंग रूमचे स्क्रीन. का? तर इमारत सुरू झाली तेव्हा कुणी मोठे साहेब बघायला येणार होते, म्हणून व्हेंडरने दिसणाऱ्या गोष्टी आधी जोडल्या. ७ ते १४ वायफाय. १५ पासून फोन. ९२.४ अधिक २४० म्हणजे ३३२.४, उरले ३७.६, त्यात पाच फोन बसले. २.६ वॉट शिल्लक. बाकी पंचवीस फोन एका क्षणात मेले.

त्यातला शेवटचा, पोर्ट ४४ वरचा, बेसमेंटमधला. नाइट शिफ्टच्या गार्ड मामांच्या टेबलावरचा. सगळ्यात शेवटी कुणाच्यातरी लक्षात आलं की अरे, खाली पण एक फोन पाहिजे, म्हणून उरलेल्या भोकात घातलेला.

बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नाही. वरच्या गेटवरच्या माणसाशी बोलायला तो फोन, एवढाच मार्ग. मामांना शुगर आहे. त्या रात्री सव्वादोनच्या सुमारास त्यांना घाम फुटला, गरगरायला लागलं.

हे मला कसं माहीत? कॅमेरे वेगळ्या स्विचवर होते. ते चालू होते. फुटेज मी पाहिलंय, रिपोर्टासाठी बघावंच लागलं. मामा रिसीव्हर उचलतात, कानाला लावतात. ठेवतात. पुन्हा उचलतात, खालचं बटण दोनदा दाबून बघतात. मग केबल हलवून बघतात. मग खुर्चीत बसतात आणि थोड्या वेळाने खुर्चीतून खाली.

तीन वाजता पिकअपची कॅब लावायला ड्रायव्हर खाली आला म्हणून सापडले. त्याने गाडीतली बिस्किटं आणि साखरेचा चहा पाजला, वरून माणसं बोलावली, दवाखान्यात नेलं. मामा आता बरे आहेत, पुढच्याच आठवड्यात ड्यूटीवर हजर झाले. एजन्सीचे असल्यामुळे त्यांना रजा पण धड मिळत नाही, तो आणखी वेगळा विषय.

आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर, रिकाम्या कॉरिडॉरमध्ये, सहा स्क्रीन हिरवेगार झळकत होते. "रूम उपलब्ध आहे."

आता यावर मला हापिसात जी उत्तरं मिळाली त्यांच्याबद्दल बोलायचंय. कारण खरा राग त्यांचा आहे.

पहिलं उत्तर: "अरे, एज केस आहे." म्हणजे हे क्वचित घडतं, सोडून दे. हिंजवडीत पावसाळ्यात पॉवर सप्लाय जाणं एज केस? दोन सप्लाय असलेला स्विच आपण घेतो तो मुळात एक जाईल असं गृहीत धरूनच ना? मग एक गेल्यावर काय होईल हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच का विचारला नाही? कारण आपण स्विच घेताना भोकं मोजतो, वॉट मोजत नाही. ४८ पोर्टांचा पीओई स्विच म्हणजे ४८ ठिकाणी पूर्ण वीज, असं कोटेशन बघणाऱ्याला वाटतं. ३७० वॉटच्या स्विचवर १५.४ चे फक्त २४ बसतात. भागाकार आहे हो, सहावीतला.

दुसरं उत्तर: "मोठा सप्लाय घेऊ, प्रश्नच मिटला." मिटत नाही. मोठा सप्लाय घेतला की लोक आणखी काहीतरी लटकवतात. नवे वायफायचे चकते, दारावरचे रीडर, आता तर पीओईवर दिवेसुद्धा लावतात. मागणी वाढत जाणार आणि कधीतरी कमी पडणारच. ज्याने कधी तोडायची वेळ येणारच नाही इतकी वीज विकत घेतलीय, असा माणूस मला अजून भेटायचाय.

तिसरं उत्तर आमच्याच बिरादरीचं, आणि सगळ्यात संतापजनक. "डिफॉल्ट सेटिंग होतं रे." जणू डिफॉल्ट म्हणजे निसर्गनियम! डिफॉल्ट हाही कुणीतरी घेतलेला निर्णयच असतो. फक्त घेणारा माणूस दूर कुठेतरी बसलेला असतो, त्याने मामांना पाहिलेलं नसतं, आणि त्याने लो लिहिलं ते तुम्ही बदलाल या भरवशावर. आपण बदललं नाही म्हणजे त्या निर्णयाखाली आपली सही झाली. त्या स्विचचं कॉन्फिगरेशन मी टाकलंय. दोन वर्षांपूर्वी, जुन्या फाइलवरून कॉपी-पेस्ट करून, शुक्रवारी संध्याकाळी, सिंहगडाला जायची घाई होती म्हणून. तेव्हा डिफॉल्टला शिव्या घालताना मी स्वतःला बाहेर ठेवत नाहीये.

यातली सगळ्यात मोठी गंमत (?) काय आहे माहितीय? मामांच्या फोनवरून आवाज गेलाच असता तर त्याच्या पाकिटांवर ४६ चा शिक्का होता. पूर्ण नेटवर्कमध्ये त्यांच्या आवाजाला सगळे रस्ता देणार होते. कॉल तुटू नये याची काळजी आम्ही घेतली होती, फोन चालू राहील याची घेतली नव्हती.

आणि असं नाही की हे कुणाला सुचलंच नव्हतं. एलएलडीपी-मेड नावाचं स्टँडर्ड २००६ चं आहे. त्यात फोन स्विचला सांगू शकतो की मी फोन आहे, मला इतके वॉट लागतील, आणि माझं विजेचं प्राधान्य क्रिटिकल आहे. शिवाय स्विच फोनला सांगू शकतो की तू कुठल्या मजल्यावर, कुठल्या कोपऱ्यात आहेस, म्हणजे इमर्जन्सी कॉल केला तर माणूस नेमका सापडावा. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोक्यात मामांसारखा माणूस होता. पण फोन काय सांगणार तेही शेवटी कुणीतरी भरावं लागतं. स्विचला एवढंच कळतं की पलीकडे "एक फोन" आहे. तो बेसमेंटमधल्या एकट्या माणसाचा आहे की सहा महिने रिकाम्या पडलेल्या क्युबिकलचा, हे त्याला सांगायचं काम आपलं. आम्ही ते पोर्टच्या वर्णनातसुद्धा लिहिलं नव्हतं. तिथे काय होतं? "युजर पोर्ट". तीसच्या तीस.

हापिसच्या फोनचं एक डिफॉल्ट किती महाग पडू शकतं याचं उदाहरण अमेरिकेत आहे. डिसेंबर २०१३, टेक्सासमधल्या मार्शल गावातलं एक मोटेल. कॅरी हंट या बाईंवर खोलीत हल्ला झाला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ चार वेळा फिरवला. लागला नाही, कारण त्या फोनवरून बाहेर जायला आधी आणखी एक ९ दाबावा लागत होता. बाई गेल्या. पुढे त्यांच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये कॅरीज लॉ मंजूर झाला. फेब्रुवारी २०२० पासून तिथे नव्या बसणाऱ्या अशा यंत्रणांमधून थेट ९११ लागलंच पाहिजे असं बंधन आहे. म्हणजे बघा, एका आकड्याचं सेटिंग बदलायला अख्ख्या देशाला कायदा करावा लागला. आपल्याकडे किती हापिसांतून ११२ लावायला आधी शून्य दाबावं लागतं, सोमवारी गेल्यावर जरा बघा.

मी बार्शीकडचा. शाळेत असताना लोडशेडिंग रोजचं. तेव्हा महावितरणला यथेच्छ शिव्या घालायचो, पण एक गोष्ट आता मान्य करावी लागते. त्यांचं वेळापत्रक असायचं. गळती किती, वसुली किती यावरून फीडरचे गट पाडलेले, कुठल्या गटाला किती तास ते ठरलेलं. ते न्याय्य होतं की नाही यावर भांडता यायचं, लोक भांडायचेही, मोर्चे निघायचे. कारण काय ठरलंय ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्या स्विचमध्येही लोडशेडिंग आहेच. पण त्याचं वेळापत्रक कुणी लिहिलं नाही, कुणाला दाखवलं नाही, आणि ज्याची वीज गेली त्याला ती कुठल्या नियमाने गेली हे आजही माहीत नाही.

आणि हो, तेव्हा लाइट गेली तरी घरातला बीएसएनएलचा काळा डब्बा चालायचा. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवर, तारेतूनच ४८ व्होल्ट यायचे. अंधारात आजी मुंबईला काकांशी बोलत बसायची. आपण आता पुन्हा तारेतून तेवढेच व्होल्ट पाठवतोय, मध्ये शंभरपट हुशार डबा बसवलाय, आणि फोन मात्र गरजेच्या वेळी बंद. प्रगती!

असो. तर रिपोर्ट सादर झाल्यावर मीटिंग झाली. सुस्थितीतल्या मीटिंग रूममध्ये, स्क्रीनवर लाल "बुक्ड" झळकत होतं. मी म्हटलं, फार काही नको. एका कागदावर तीन ओळी लिहू. जिथे माणूस एकटा असतो तिथला फोन आणि बाहेर पडायच्या दारांचे रीडर क्रिटिकल. वायफाय हाय. मीटिंग रूमचे स्क्रीन लो, आणि रात्री दहा ते सकाळी सात बंदच, ती वीज तरी कशाला जाळायची. वर्षातून एकदा खरोखर एक सप्लाय काढून बघायचा. प्रत्येक पोर्टच्या वर्णनात पलीकडे कोण आहे ते लिहायचं. खर्च शून्य, पोर्टमागे एक ओळ टाइप करायची.

यावर ग्रीन कमिटीच्या एका सदस्यांना रात्री बंद करायची आयडिया फार आवडली. उत्साहात म्हणाले, मग सगळे डेस्कफोन पण रात्री बंद करूया की, तसंही कुणी नसतं!

मी फुटेज पुन्हा लावलं. हॉलमध्ये चाळीस सेकंद कुणी बोललं नाही. मग कुणीतरी बिझनेस जस्टिफिकेशनचा फॉर्म भरायला सांगितला.

भरला. त्या रकान्यात काय लिहायचं यावर मी एक अख्खी दुपार घालवली. "एक माणूस" असं लिहिलं तर चालत नाही, ड्रॉपडाउन आहे. महसूल, अनुपालन, ग्राहक अनुभव. मी अनुपालन निवडलं.

सहा आठवड्यांनी मंजुरी आली. आज रात्री अकरा ते एक मेंटेनन्स विंडो आहे. सेटिंग टाकणार, आणि मग स्वतःच्या हाताने एक पॉवर सप्लाय उपटून बघणार. काल मामांना सांगायला खाली गेलो होतो, की मामा, साडेअकराला फोन उचलून बघा, आवाज येतोय का ते सांगा, आता लाइट गेली तरी तुमचा फोन जाणार नाही, तशी व्यवस्था केलीय. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "बघतो की साहेब. पण ते रेंजचं काही होतंय का तेवढं बघा. पोरगी रात्री फोन लावती, लागत नाही."